पांढरा कोळसा

हाताला लागलं ते तेलकट होतं. तिनं अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर घासून पाहिली, बोटं नाकाशी नेली आणि बाथरूमच्या दारात उभ्या असलेल्या मुलीला विचारलं, "हे कशाचं आहे?"

"मलम," मुलगी म्हणाली.

"कुठलं?"

"माझ्या ढुंगणाचं."

प्रश्न मिटला. ती लंगोटाच्या दिवसांतली ट्यूब होती. औषधांच्या डब्यात तळाशी पडून राहिलेली. आता ती बेसिनखाली चपटी होऊन पडली होती आणि तिच्यातलं सगळं कुत्र्यावर होतं. पाठीवर, दोन्ही कुशींवर, एका कानावर जाड पांढरा थर, आणि त्यात लहान बोटांनी ओढलेले चर. कुत्रा चारी पाय फरशीवर ताठ रोवून उभा होता. त्याचं नाव कोळसा. पिल्लू होता तेव्हा नाकापासून शेपटीपर्यंत त्याच्यावर एकही पांढरा केस नव्हता. आता वयानं हनुवटीखाली थोडी राख धरली होती, तेवढीच.

खांद्यावरची पिशवी अजून खांद्यावरच होती. ती तिनं दाराच्या कडीला अडकवली, बाह्या वर केल्या आणि ट्यूब उजेडात धरून तिच्यावरचं बारीक वाचलं. जस्ताचं मलम. म्हणजे नुसतं धुऊन भागणार नव्हतं, पोटात गेलं का हेही बघायला हवं होतं. तिनं कुत्र्याचा जबडा उघडला. जिभेवर पांढरं दिसलं नाही. तरी तिनं जनावरांच्या डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टर तिला आता आवाजावरून ओळखत.

"आज काय?" त्यांनी विचारलं.

तिनं सांगितलं. त्यांनी चाटू देऊ नका म्हणून बजावलं, उलटी झाली तर लगेच घेऊन या म्हणाले, आणि मग विचारलं की रविवारचं ठरलंय का. ठरलंय, ती म्हणाली.

"या वयात घर बदललं की कुत्री जेवण सोडतात," डॉक्टर म्हणाले. "मी सांगायचं काम केलं. बाकी तुमचं तुम्हाला माहीत."

तिनं फोन ठेवला आणि स्वयंपाकघरातून कॉर्नफ्लॉवरचा डबा आणला. तेलकट डागावर आधी पाणी टाकायचं नसतं. पाणी टाकलं की तो पसरतो. आधी कोरडं पीठ दाबायचं, त्यानं तेल ओढून घ्यायचं, मग ते ओरबाडून काढायचं, मग भांड्यांचा साबण, मग पाणी. कापडावर हे काम पाच-दहा मिनिटांचं असतं. कापड हलत नाही, अंग झटकत नाही आणि मधेच मान वळवून आपल्याकडे बघत नाही.

लाँड्रीत ती डाग काढायच्या टेबलावर काम करत होती. तिथं गिऱ्हाईक कपडा पसरून डाग दाखवतं तेव्हा त्याला एकच प्रश्न विचारायचा: कशाचा आहे? तेल, शाई, रक्त, रंग. त्यावर पुढचं सगळं ठरतं. कसा पडला, हे विचारायचं नाही. एका नव्या मुलीनं कॉलरवरची लिपस्टिक बघून एका गृहस्थांना 'हे कसं हो लागलं?' असं सहज विचारलं होतं, आणि बाजूला त्यांची बायको उभी होती. त्या घरचे कपडे पुन्हा आले नाहीत. मालकांनी तेव्हापासून नियमच केला. "डाग आपला, गोष्ट त्यांची," असं ते म्हणत. नियम चांगला होता. त्यानं वेळ वाचायचा आणि कोणाला कोणासमोर मान खाली घालावी लागायची नाही. इतक्या वर्षांत तो तिच्या अंगात मुरला होता, आणि दुकानाचं शटर ओढलं म्हणून अंगात मुरलेलं बाहेर राहत नाही.

त्यामुळे मुलीलाही तिनं कधी दुसरा प्रश्न विचारला नव्हता. मुलगी चार वर्षांची होती. घरात सगळे तिला मुंगी म्हणत, कारण झाकण कितीही घट्ट लावलं तरी ती आत पोचायची. पहिल्यांदा मुंगीनं कोळशावर पावडरचा अख्खा डबा उपडा केला. पावडर कोरडीच झटकावी लागते. ओली केली की तिची पेस्ट होते. ती झटकताना आईला इतक्या शिंका आल्या की शेजारीण विचारायला आली. दुसऱ्यांदा मैदा होता, तोही पाण्यात कालवलेला. मैद्याला गरम पाणी चालत नाही, तो शिजतो आणि केसाला कायमचा धरतो. गार पाण्यात भिजवून, बारीक दातांच्या कंगव्यानं एकेक गोळी सोडवत ती बसली होती आणि मुंगी समोर पाटावर बसून कंगव्यातले केस गोळा करत होती. दोन्ही वेळा आई ओरडली, दोन्ही वेळा कार्टून बंद झालं, दोन्ही वेळा 'परत असं करणार नाही म्हण' असं दरडावून झालं. मुंगीनं ते म्हटलं नाही. ती खोटं बोलत नसे, एवढंच त्यातून निघत होतं, पण ते तेव्हा कोणाच्या लक्षात आलं नाही.

आता तिसरी वेळ. साबणाचं पाणी जाळीतून जाताना आईनं कंबर सरळ केली.

"बाबा, तुमचं लक्ष नव्हतं का?" तिनं बाहेरच्या खोलीकडे तोंड करून विचारलं.

सासरे खुर्चीत होते. रेडिओ चालू होता. त्यांनी तो लहान केला. "मी इथंच होतो की. पोरगी समोर खेळत होती. आवाज नाही, रडं नाही, मला काय कळणार?"

समोर म्हणजे कुठं, असं तिला वाटून गेलं, कारण ट्यूबच्या टोपणापासून बाथरूमपर्यंत पांढऱ्या पंजांची रांग त्यांच्या खुर्चीला वळसा घालून आली होती. पण कोळसा थरथरत होता. तिनं टॉवेल ओढला.

सासऱ्यांच्या उजव्या मनगटाला अजून पट्टी होती. रविवारचं ठरलं ते त्या मनगटापायी.

सगळं आयुष्य त्यांनी लांब पल्ल्याच्या बस चालवल्या होत्या. निवृत्त झाले, सासूबाई गेल्या, आणि ते मुलाकडे राहायला आले. येताना एक बॅग, एक रेडिओ आणि एक वाक्य घेऊन आले: आपल्या हातून गाडीला कधी ओरखडा गेला नाही. कधी काही झालंच असेल तर समोरचा मधे आला असेल. सायकलवाला मधे आला, म्हैस मधे आली, एकदा तर खांब मधे आला. नवरा हे सांगून हसायचा आणि सासरेही हसायचे, पण खांबाच्या बाबतीत ते मागे हटत नसत.

तर एका सकाळी ते आपल्या खोलीतून निघाले आणि पॅसेजमध्ये उंबऱ्याबाहेर झोपलेल्या कोळशावर अडखळून पडले. तिथली फरशी गार असते म्हणून तो नेहमी तिथंच झोपायचा. मनगट मुरगळलं, चष्म्याची काडी वाकली, कपाळाला टेंगूळ आलं. "मधे आला," ते म्हणाले. "काळा कुत्रा आणि पॅसेजमध्ये काळोख. काळ्यात काळं दिसणार कसं?"

नवरा लिफ्टचा मेकॅनिक होता. कुठली ना कुठली लिफ्ट कुठल्या ना कुठल्या दोन मजल्यांच्या मधे अडकलेलीच असायची, त्यामुळे तो घरी असला तरी बूट घालूनच असल्यासारखा असायचा. त्यानं त्याच संध्याकाळी पॅसेजमध्ये मोठा दिवा लावला. मग जेवताना तो म्हणाला की या वेळी मनगटावर निभावलं, पुढच्या वेळी माकडहाड मोडलं म्हणजे काय करायचं. त्याच्या बहिणीचं घर शहराबाहेर होतं, पुढे-मागे अंगण होतं. तिथं दोन कुत्री होती, तिसरा जड नव्हता. अंगणात साखळीला राहील, उघड्यावर. कोळसा उघड्यावर कधी राहिला नव्हता, हे सगळ्यांना माहीत होतं. नवऱ्यानं त्याला लग्नाच्याही आधी खिशात घालून आणलेलं होतं. हे बोलताना तो ताटाकडे बघत होता.

आईनं त्याच्या ताटात भात वाढला. एक काम कमी होईल, असं तिच्या मनात आलं, आणि त्याची तिला लाजही वाटली नाही. लाज वाटायलाही थोडी ताकद लागते.

मुंगी तेव्हा टेबलाखाली कोळशाला आपल्या ताटातलं भरवत होती. मोठ्यांच्या बोलण्यात टेबलाखालच्या माणसाला धरायची पद्धत त्या घरात नव्हती.

मलमाच्या दुसऱ्या दिवशी नणंदेचा फोन आला. भावानं तिला सगळं सांगितलेलं दिसत होतं.

"वहिनी, मी कुत्रा न्यायला येतेय की केक?" तिनं विचारलं.

आई हसली. कोळशाच्या गळ्यात तिनं तळ कापलेली प्लास्टिकची बादली अडकवली होती, अंग चाटता येऊ नये म्हणून. तो तिच्यासकट दाराच्या चौकटीला आपटत हिंडत होता. नणंद म्हणाली की रविवारी जेवायच्या वेळेला येते, गाडीत जुनी चादर घालून ठेवते, आणि मुंगीला आधी काही सांगू नका, नाहीतर भोकाड पसरेल. मुंगी तेव्हा फोनखालीच बसली होती, बादलीत तोंड घालून, कोळशाच्या नाकाला नाक लावून.

तिनं भोकाड पसरलं नाही. तिनं फक्त विचारलं, "आई, रविवार झोपून उठल्यावर येतो का?"

"अजून एकदा झोपून उठल्यावर."

मुंगी उठून खेळायला गेली.

त्या दिवशी लाँड्रीत पडद्यांचा ढीग होता. वाफेचा पाइप एका हातात, ब्रश दुसऱ्या हातात, आणि मान एकाच बाजूला कलती. मालकांनी जाता जाता विचारलं की चेहरा असा का. ती म्हणाली, घरी रोज एक कुत्रा ड्रायक्लीनला येतोय. मालक हसले आणि पुढे काही न विचारता गेले. तिलाही तेच बरं वाटलं. मुंगीला बालवाडीतून आणायचं काम सासरे करत होते, म्हणून तिला दुपारी निघावं लागत नव्हतं, आणि दुपारी निघावं लागत नव्हतं म्हणून हे टेबल तिचं होतं. दुपारी जाणाऱ्या बायकांना घड्या घालायचं काम मिळायचं. हे गणित तिनं कोणाला सांगितलं नव्हतं आणि स्वतःशीही फार उगाळलं नव्हतं. सासरे हल्ली वर्तमानपत्र न उघडता रेडिओ ऐकतात, हे तिला दिसत होतं. चहात साखर घालताना ते बोट कपाच्या कडेला लावून ठेवतात, हेही. माणूस म्हातारा होतो तेव्हा सवयी बदलतात, असं तिनं ठरवलं होतं.

शनिवारी तिला अर्धा दिवस सुट्टी होती. तोवर उलटी वगैरे काही झाली नव्हती, तेव्हा तिनं कोळशाच्या गळ्यातली बादली काढली. जेवण झालं, सासरे आडवे झाले, नवऱ्याला एका दवाखान्याच्या लिफ्टसाठी बोलावणं आलं. ती मागच्या खोलीत इस्त्री करत बसली. घर शांत होतं. लहान मूल असलेल्या घरात शांततेचा अर्थ एकच असतो, हे तिला ठाऊक होतं, पण समोर सहा शर्ट होते आणि तिला बसायला मिळालं होतं. पाचव्या शर्टानंतर तिनं इस्त्री उभी केली आणि ती पॅसेजकडे गेली.

मोठा दिवा लावलेला होता. खिडकीतूनही ऊन आत आलेलं होतं. सासऱ्यांच्या उंबऱ्याबाहेर, नेहमीच्या जागी, एक पांढरा कुत्रा झोपला होता.

कान, कपाळ, पाठ, चारी पाय, शेपटीचं टोकसुद्धा. बालवाडीच्या कॅनव्हासच्या बुटांना लावायच्या पांढऱ्या पॉलिशची बाटली मुंगीच्या हातात होती, रिकामी, आणि तिचा स्पंजचा बोळा तिच्या फ्रॉकला चिकटलेला होता. या वेळी काम नीट झालं होतं. घाई नव्हती, चर नव्हते. डोळ्यांभोवती तिनं जागा सोडली होती. कोळसा निमूट पडून होता, भिंतीवर वाळत घातलेल्या कापडासारखा, फक्त त्याचे काळे डोळे आईकडे वळले.

आईनं तोंड उघडलं. मुंगीनं ओठांवर बोट ठेवलं. तिनं ते इतक्या गंभीरपणे ठेवलं की आईनं तोंड मिटलं.

आत कॉट करकरली. सासऱ्यांच्या सपाता फरशीवर घासल्या. ते दारात आले. चष्मा नाकावर होता, काडी पुन्हा सरळ केलेली. मुंगी भिंतीला पाठ लावून उभी राहिली आणि कुत्र्याकडे नाही, आजोबांच्या पायांकडे बघू लागली.

सासऱ्यांनी डावा हात चौकटीला लावला, समोर बघितलं, आणि पाऊल सरळ कोळशाच्या कुशीवर टाकलं.

कोळसा किंचाळला आणि उठला. सासरे झुकले, चौकट हातात होती म्हणून सावरले. चष्मा नाकावरून घसरला. आई धावली आणि तिनं त्यांना दंडाला धरलं.

"आला बघ पुन्हा मधे," सासरे धापा टाकत म्हणाले. "काळं मेलं. या अंधारात दिसतं का काही?"

पॅसेज उजेडानं भरलेला होता. कोळसा तीन पावलं लांब जाऊन उभा राहिला होता, उशीच्या अभ्र्याइतका पांढरा.

"आजोबा, आज तर तो पांढरा आहे," मुंगी म्हणाली.

मग ती आईकडे वळली. तिचा चेहरा रडका नव्हता. दिवसभराचं काम करून ते फुकट गेलेल्या माणसाचा होता. संध्याकाळी लाँड्रीच्या आरशात आईला तो अधूनमधून दिसत असे.

"आई, घरातलं पांढरं सगळं संपलं," ती म्हणाली. "आता काय लावू?"

आईनं आधी सासऱ्यांना आत नेऊन कॉटवर बसवलं. कोळशाच्या बरगड्या चाचपल्या. तो कुरकुरला नाही. मग ती पॅसेजच्या फरशीवर मुंगीसमोर बसली आणि इतक्या दिवसांत न विचारलेला दुसरा प्रश्न तिनं विचारला.

"हे तू कशासाठी करत होतीस?"

मुंगीला या प्रश्नाचं नवल वाटलं. जे सगळ्यांना माहीत आहे ते आई का विचारतेय, असा तिचा चेहरा झाला. आजोबांनीच सांगितलं होतं ना, कोळसा काळा आहे म्हणून दिसत नाही? दिसला नाही म्हणून रविवारी आत्या नेणार. मग पांढरा असला की दिसेल. पावडर लावली तेव्हा आजोबांनी त्याच्या शेपटीवर पाय दिला. मग तिला वाटलं पावडर कमी पडली. मैद्याच्या वेळी आजोबा त्याला ओलांडून गेले, पण ते चुकून गेले, तिनं विचारलं होतं. मलमाच्या वेळी आईच लवकर आली. मुंगी हे सगळं सरळ, आवाज न चढवता सांगत होती. आईला लाँड्रीतल्या जुन्या कारागिरांची आठवण झाली. तेही असंच सांगत, हे लावून बघितलं, हटला नाही, मग ते लावलं.

"मैद्याच्या वेळी काय विचारलंस आजोबांना?"

"कोळसा दिसला का म्हणून. ते म्हणाले, हो, तिकडे बाल्कनीत बसलाय." मुंगीनं बाल्कनीकडे बोट दाखवलं. "पण तो इथं होता."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"तू कशाचं आहे ते विचारलंस. मी सांगितलं."

हे खरं होतं. आईनं मुंगीच्या फ्रॉकला चिकटलेला बोळा काढला. तो काढताना तिला पुढचा प्रश्न सुचला. तिला तो विचारायचा नव्हता. इस्त्री तापत होती, एक शर्ट राहिला होता, उठून जाता आलं असतं.

"मुंगे, बालवाडीतून येताना रस्ता कोण ओलांडतं?"

"आम्ही दोघं."

"गाडी येतेय का ते कोण बघतं?"

"मी," मुंगी म्हणाली. "मी सांगते, आजोबा, आता लाल आहे, थांब. मग ते थांबतात. मग मी सांगते, चल." आणि आईचा चेहरा बघून तिनं भर घातली, "मला रंग येतात सगळे. बाईंनी शिकवलेत."

आत सासऱ्यांना सगळं ऐकू गेलं होतं. त्यांचे कान तल्लख होते. आई दारात जाऊन उभी राहिली. ते कॉटच्या कडेला बसले होते, चष्मा हातात, काच पुसत. काच स्वच्छ होती.

"किती दिवस झाले, बाबा?"

ते म्हणाले की मधलं जातं. कडेकडेचं दिसतं, दार, खिडकी, माणूस उभा आहे एवढं कळतं, पण समोर नेमकं बघायला गेलं की तिथं धुकं. आधी वाटलं चष्म्याचा नंबर असेल. मग वाटलं, आपोआप जाईल. मग काही वाटून घ्यायचं सोडून दिलं.

"सांगायचं होतं ना."

"सांगून काय झालं असतं?" ते म्हणाले. आवाज तापलेला नव्हता. "पोरीला आणायचं काम काढून घेतलं असतंत. तेवढं एकच काम आहे मला या घरात. आणि मग तुझं ते टेबल? तू काय सुखासुखी सोडलं असतंस ते?"

तिला वाटलं होतं की ते गणित फक्त तिलाच माहीत आहे.

"काम गेलं असतं तर गेलं असतं," ती म्हणाली. "रस्त्यात गाडी आली असती म्हणजे?"

सासऱ्यांनी मान खाली घातली. चष्मा घडी करून त्यांनी उशीजवळ ठेवला. "त्या दिवशी तो मधे आला नव्हता," ते म्हणाले. "तो आपल्या जागी झोपला होता. मीच त्याच्यावर गेलो."

त्यांच्या तोंडून असं वाक्य या घरात कोणी ऐकलं नव्हतं, आणि ते ऐकायला नवरा घरी नव्हता. मग त्यांनी फोन मागितला. लेकीचा नंबर बोटांना पाठ होता. आईनं निघून जायला हवं होतं, पण ती दारातच थांबली.

"कुत्रा नको नेऊस," सासरे फोनवर म्हणाले. "उद्या ये, पण मला ने. तुझ्या घराजवळ ते डोळ्यांचं मोठं इस्पितळ आहे ना, तिथं." पलीकडून बरंच बोलणं झालं. "नाही, साखळी नको," ते शेवटी म्हणाले. "मी चावत नाही."

पांढरं पॉलिश पाण्यात सुटतं, पण वाळायच्या आत. आईनं मागच्या खोलीत जाऊन इस्त्री बंद केली, सहावा शर्ट तसाच खुर्चीवर टाकला आणि कोळशाला बाथरूममध्ये नेलं. बादली भरेपर्यंत ती स्टुलावर बसून राहिली. सोमवारी मालकांशी बोलावं लागणार होतं. ते कारण विचारणार नाहीत, दुपारी निघायला हो म्हणतील आणि टेबल दुसऱ्या कोणाला तरी देतील. नवऱ्याला रात्री सगळं पहिल्यापासून सांगावं लागेल. मुंगीला यापुढे रस्त्यावर हात धरून न्यावं लागेल आणि सांगावं लागेल की लाल-हिरवं आता आई बघेल. या तिन्हींपेक्षा कुत्रा धुणं सोपं होतं. तिनं पहिला तांब्या ओतला.

पाणी दुधासारखं वाहिलं. साबण लावला, चोळलं, ओतलं. दुसऱ्या तांब्याला राखाडी आलं. कोळसा उगाळावा तितका काळाच, असं तिची आई कोणाच्या तरी नावानं नेहमी म्हणायची, नावं ठेवायला. ती उगाळत राहिली. पाठीवर काळं दिसू लागलं, मग मानेवर. मुंगी कानात पाणी जाऊ नये म्हणून दोन्ही हातांनी त्याचे कान दाबून उभी होती आणि स्वतः नखशिखांत भिजली होती. तिला कोणी हाकललं नाही.

पॅसेजमध्ये सपाता घासल्या. सासरे भिंतीला हात लावत बाथरूमच्या दारापर्यंत आले आणि तिथं थांबले.

"कुठं आहे तो?" त्यांनी विचारलं.

"समोर," आई म्हणाली, आणि मग तिला कळलं की समोर म्हणून चालणार नाही. "डाव्या हाताला. वाका थोडं. अजून खाली."

सासऱ्यांचा पट्टी नसलेला हात हवेत चाचपडत खाली आला. कोळशानं मान उचलून ओलं नाक त्यात दिलं. सासऱ्यांनी त्याचं कपाळ चोळलं, कानामागे, मानेवर, गाडीचं बॉनेट तपासावं तसं, सावकाश.

"राहिलंय कुठं?" ते म्हणाले.

"पोटाखाली."

"मी धरतो पुढून. तू घे."

त्यांनी धरलं. तिनं पोटाखालचं घेतलं. तिथलं पॉलिश वाळून केसांत बसलं होतं आणि चार तांबे ओतूनही पुरतं निघालं नाही. ते केस वाढले की कातरून टाकू, असं तिनं ठरवलं, टॉवेल मुंगीच्या हातात दिला आणि कंबर सरळ करायला भिंतीला टेकली.